करदोड्याची तिसरी गाठ

धंतोलीतल्या त्या घरात फ्रीज आला तेव्हा नीलाला वाटलं होतं, यंदाच्या उन्हाळ्यात निदान गिरिधरचं दूध तरी नासणार नाही. पण फ्रीजच्या पाठोपाठ तिचे थोरले दीर, डॉक्टर कृष्णकांत, एक थर्मामीटर, एक रेघांची वही आणि लशीच्या बाटल्यांची खोकी घेऊन आत शिरले. त्या दिवसापासून दूध, दही, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची जुडी, सगळ्यांना त्या फ्रीजची दारं बंद झाली. सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, एकदाच उरलेल्या कढीचा गंज आत सरकवून पाहिला. भाऊजींनी तो दोन्ही हातांनी, साप धरावा तसा बाहेर काढला आणि आईला समोर बसवून लस म्हणजे काय, ती किती नाजूक असते आणि कढीच्या वाफेनं तिचं काय होतं, यावर पाऊण तास सांगितलं. सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं की, इतकी नाजूक वस्तू माझ्या नातवाला टोचवून राहिला का तू?

कृष्णकांत म्हणजे त्या घराचा अभिमान होता. देवीच्या रोगाच्या मोहिमेत विदर्भातली खेडी पायाखाली घातलेला, पुढे तज्ज्ञ म्हणून सतरा देश पाहून आलेला माणूस. कुठल्या देशात गोवराचं काय, कुठल्या देशात पोलिओचं काय, हे त्याला तोंडपाठ. जगातल्या लेकरांची एवढी काळजी वाहता वाहता स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं होतं आणि आता छत्तिसाव्या वर्षी तो विषय निघाला की भाऊजी थर्मामीटर पाहायला उठत. सध्या त्यांचा नरखेड तालुक्यात एक प्रयोग चालला होता. सरकारी फ्रीज विजेबरोबर जायचा आणि विजेबरोबर यायचाही नाही. धंतोलीत दवाखानेच इतके की तिथली वीज गेली तरी सगळ्यात आधी परत येई, म्हणून लस भावाच्या घरी.

थर्मामीटर पाहून वहीत लिहायचं काम नीलाकडे आलं, आणि याहून योग्य माणूस अख्ख्या नागपुरात सापडला नसता. दिवसातून दोनदा पाहायचं होतं, नीला नऊदा पाही. लिही मात्र दोनदाच, कारण वहीत रकाने दोनच होते. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली ही मुलगी कॉलेजात धीट म्हणून प्रसिद्ध होती, पण गिरिधर झाला आणि तिचा सगळा धीटपणा त्याच्या पाळण्याखाली जाऊन बसला. गिरिधरची तिची वेगळी वही होती. त्यात वजन, झोप, शिंका, शीचा रंग, कोण घरी आलं, कोण खोकलं, सगळं तारखेसकट. ट्रिपलचं, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात या तिन्हींचं, पहिलं इंजेक्शन: तारीख, डावी मांडी, ताप शंभर पॉइंट दोन. दुसरं: तारीख, उजवी मांडी, ताप नाही, पण रडणं फार. तिसऱ्याची जागा कोरी होती, कारण त्या आठवड्यात गिरिधरला सर्दी झाली आणि तो डोस पुढे ढकलला गेला. त्या कोऱ्या जागेकडे नीलाचं रोज एकदा लक्ष जाई.

आता भाऊजींचा प्रयोग काय होता ते सांगायला हवं. खेड्यात लेकराला लस दिली की आईच्या हातात एक पुठ्ठ्याचं कार्ड देत. तिन्ही डोस त्यावर मांडायचे. पण ते कार्ड पुढच्या वेळेपर्यंत काही टिकत नसे. कुणाच्या कार्डानं चूल पेटे, कुणाचं बकरी खाई, एका घरी तर ते पाट हलू नये म्हणून पाटाखाली सारलेलं सापडलं. मग नर्सबाईनं समजायचं कसं की या पोराला एक झालं की दोन? भाऊजी या विचारात असताना गिरिधरचं बारसं आलं. सुभद्राबाईंनी नातवाच्या कमरेला काळा करदोडा बांधला, आणि भाऊजी पेढा हातात धरून तसेच थांबले. करदोडा. मुलगा असो की मुलगी, तान्ह्या लेकराच्या कमरेला तो असतोच. आई स्वतःहून तो काढत नाही, बकरी तो खात नाही. एका सुईला एक गाठ, दुसऱ्या सुईला दुसरी, तीन गाठी म्हणजे काम पूर्ण. लिहिता-वाचता यायची गरजच नाही.

पेढा त्यांनी खाल्लाच नाही. त्या संध्याकाळी अहवाल लिहायला बसले.

नरखेड तालुक्यातल्या बेलखेडीत ही पद्धत सुरू झाली आणि पाच-सहा महिन्यांत आकडे असे चढले की नीलाच्या नवऱ्याला, श्रीधरला, त्याचा आलेख काढताना कागद जोडावा लागला. श्रीधर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता. धरणाच्या भिंती काढणाऱ्या हातानं त्यानं भावाची लाल रेघ काढली, आणि ती भिंतीसारखीच सरळ वर गेली. तीन गाठींची लेकरं: शंभरातली शंभर. तो आलेख जिनिव्हाला गेला. तिथून पत्र आलं की मार्चमध्ये आमच्या एक वरिष्ठ बाई स्वतः पाहायला येतील, आणि पद्धत पसंत पडली तर डॉक्टर कृष्णकांत यांची जिनिव्हाच्या कार्यालयात नेमणूक करण्याचा विचार होईल.

'विचार होईल' हे शब्द सुभद्राबाईंनी वगळले. त्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि सीताबर्डीहून निळी लोकर आणवली. जिनिव्हात बर्फ पडतो, तेव्हा कृष्णासाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर हवा. विणायचा नीलानं. मार्चच्या नागपुरात, पंख्याखाली बसून, घामानं सुया निसटत असताना नीला तो विणत होती आणि मध्येच उठून थर्मामीटर पाहून येत होती.

बाई यायच्या आठ दिवस आधीची गोष्ट. गिरिधरला न्हाऊ घालताना नीलाचा हात त्याच्या करदोड्यावरून फिरला आणि थांबला. तिनं पुन्हा बोटं फिरवली. मग साबण धुऊन नीट पाहिलं. पाच गाठी होत्या.

तिच्या वहीत दोन इंजेक्शनं, आणि पोराच्या कमरेला पाच. पहिला विचार आला तो असा की कुणीतरी तिच्या नकळत पोराला तीन सुया टोचून गेलं. दुसरा विचार जरा बरा होता. तिनं ओल्या पोराला पदरात गुंडाळलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

सुभद्राबाई वांगी चिरत होत्या. त्यांना लपवायचं काहीच नव्हतं. त्यांनी सुरीच्या टोकानं एकेक गाठ दाखवली. या दोन कृष्णानं बांधल्या त्या. ही समोरच्या प्रमोदिनीबाई म्हणाल्या न, किती गुटगुटीत आहे, तेव्हाची. ही तो पाळण्यातून पडता पडता वाचला तेव्हाची. आणि ही? ही बहुतेक पौर्णिमेची. नीलानं सांगायचा प्रयत्न केला की गाठ फक्त सुईची बांधायची आहे. त्यावर सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या,

"करदोडा आमचा आहे, नीला. सुई त्यात काल आली."

नीला पोराला पुसत बसली. टॉवेलचं एकच टोक ती पुन्हा पुन्हा फिरवत होती. प्रश्न आता गिरिधरचा राहिला नव्हता. धंतोलीतली शिकलेली सासू, जिचा मुलगाच या पद्धतीचा जनक, ती जर नजरेची गाठ बांधते, तर बेलखेडीत काय होत असेल? ती लाल रेघ कशाची होती मग? आणि त्या रेघेवर विसंबून नर्सबाई ज्या लेकराला पाहून म्हणत असेल की याच्या तीन गाठी झाल्या, जा घरी, त्याला खरंच तीन मिळाले होते का? डांग्या खोकला काही गाठी मोजून थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतल्या एका पोरीला तो झाला होता. तिचं ते श्वास ओढत खोकणं नीलाला चार घरांवरून ऐकू यायचं. वहीत त्याचीही तारीख होती.

जेवताना तिनं विषय काढला, पण सासरी विषय काढतात तसा, आडून. म्हणाली, भाऊजी, एखादीनं चुकून जास्तीची गाठ मारली तर? भाऊजींनी भाताचं आळं करून त्यात वरण ओतलं आणि समजावलं की कुठल्याही पद्धतीत पाच टक्के चूक धरूनच चालायचं असतं. मग त्यांनी वरणभातावर बोटानं आलेख काढून दाखवला. श्रीधरनं नीलाकडे पाहून डोळे मोठे केले.

नंतर खोलीत श्रीधर म्हणाला की आठ दिवसांवर पाहुण्या आल्या, आता दादाच्या डोक्यात हे भरवू नकोस. दादाचं आयुष्य या नेमणुकीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफिसातून येताना इतवारीच्या बाजारातून एक नवा काळा करदोडा घेऊन आला. स्वतःच्या हातानं त्यानं त्यात मोजून दोन गाठी मारल्या होत्या, सारख्या अंतरावर, पट्टी लावून. त्या बाई गिरिधरला पाहतीलच, तेव्हा निदान आपल्या घरची शोभा नको. जुना काढून हा बांध, झालं.

नीलानं तो घेतला आणि वहीत ठेवला. बांधते म्हणाली नाही, नाही बांधत असंही म्हणाली नाही.

जिनिव्हाच्या बाई आल्या त्या साठीच्या, उंच, पायात पुरुषी बूट, कानामागे पेन्सिल. त्यांना फारसं हसू येत नसे. इंग्रजी बोलायला आणि बायकांशी दुभाषी म्हणून नीलानं बरोबर यावं असं ठरलं, आणि नीला म्हणजे गिरिधर आलाच, कारण त्याला घरी ठेवून ती नरखेड तर काय, सीताबर्डीवरही गेली नसती.

निघायच्या दिवशी सकाळी भाऊजींनी तिला आणखी एक काम सांगितलं. बेलखेडीतली लेकरं सगळी पूर्ण झालेली, तेव्हा लस न्यायचं कारण नाही. थंड पेटी रिकामीच जाणार. सरपंच देवरावांचा निरोप होता की गोऱ्या बाईंना विहिरीचं पाणी कसं द्यायचं, तर पेटीत मोसंबीच्या रसाच्या बाटल्या भरून आणा. रस सुभद्राबाईंनी पहाटेच काढून ठेवला होता. भाऊजी टाय बांधायला आत गेले.

नीला पेटी उघडून फ्रीजसमोर उभी राहिली. एका हाताला रसाच्या चार बाटल्या, दुसऱ्या हाताला ट्रिपलच्या लशीचं खोकं. थर्मामीटर पाच दाखवत होता. तिनं सवयीनं वहीत पाच लिहिलं. मग बर्फाच्या पिशव्या पेटीच्या तळाशी अंथरल्या, लशीच्या बाटल्या कागदात गुंडाळून मध्ये ठेवल्या आणि झाकण घट्ट लावलं. रस तिनं फ्रीजमध्ये ठेवला. त्या फ्रीजमध्ये खाण्यापिण्याची वस्तू मुक्कामाला गेली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

नवा करदोडा वहीतच राहिला.

जीपमध्ये भाऊजी पुढे, ड्रायव्हरशेजारी, मांडीवर गुंडाळलेला आलेख. मागे बाई आणि नीला. काटोल येईपर्यंत बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. मग त्यांनी हात पुढे केले आणि गिरिधरला मांडीवर घेतलं. गिरिधरनं त्यांची पेन्सिल ओढली, ती त्यांनी ओढू दिली. त्याचं झबलं वर केलं आणि एका बोटानं गाठी मोजल्या. बाईंनी पुन्हा मोजल्या. मग विचारलं की याला किती डोस झाले?

"दोन," नीला म्हणाली.

पुढच्या सीटवर भाऊजींची मान हलली नाही, पण त्यांचे कान मागून दिसत होते, आणि ते हळूहळू लाल होत गेले. बाईंनी विचारलं की मग उरलेल्या तीन कशाच्या? नीलानं सांगितलं. प्रमोदिनीबाई, पाळणा, पौर्णिमा. नजर लागणं याला इंग्रजीत नेमकं काय म्हणावं हे तिला आठवेना, म्हणून तिनं शब्दाला शब्द जोडून समजावलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा मागे जात होत्या. बाईंनी पेन्सिल गिरिधरच्या तोंडातून काढून घेतली, पुसली आणि काहीतरी लिहिलं.

बेलखेडीत शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. देवरावांनी भाषण काढलं होतं, ते बाईंनी हात जोडून थांबवलं आणि त्या लेकरांकडे वळल्या. एकतीस लेकरं, एकतीस आया, आणि सगळ्यांच्या पुढे बायजाबाई. बायजाबाई गावची सुईण. त्या गावातलं चाळिशीखालचं प्रत्येक माणूस तिच्या हातावर जन्मलं होतं आणि ती ते कुणाला विसरू देत नसे. नर्सबाईला चार गावं, तिला गाठी मारायला वेळ कुठला, म्हणून सुई टोचली की गाठ मारायचं काम बायजाबाईनं अंगावर घेतलं होतं. त्याचा तिला मोठा तोरा होता.

बाईंनी लेकरं पाहायला सुरुवात केली. तीन गाठी. तीन. तीन. चार. तीन. भाऊजींनी हळूच आलेख उलगडायला घेतला. मग बाई एका पोरीपाशी थांबल्या आणि नीलाला म्हणाल्या, हिच्या आईला विचार, प्रत्येक गाठ कशाची.

त्या आईनं पदर सारखा केला आणि सांगितलं. ही पहिल्या सुईची, तवा आमच्या इथं कापसाची वेचणी चालू होती. ही दुसऱ्या सुईची, त्या रात्री पोरगी लय तापली, मी बसूनच होती. आणि ही तिसरी? ही बायजामायनं मारली.

"कशाची, बायजाबाई?" नीलानं विचारलं.

"कशाची काहून? अशीच," बायजाबाई म्हणाली. "मी दोनावर सोडतच नाई, बाई. दोनाचं काम अर्धवट राह्यते. माह्या सासूनं मले सांगून ठेवलं होतं, का गाठ मारन तं एक मार, नाई तं तीन मार."

नीलानं ते इंग्रजीत सांगितलं. एकही शब्द तिनं गाळला नाही, सासूसुद्धा सांगितली. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ज्या लेकराला दुसरी सुई झाली त्याला बायजाबाईनं त्याच दिवशी तिसरी गाठही मारून टाकली होती, आणि पुढच्या महिन्यात नर्सबाईनं त्या तीन गाठी मोजून त्याला परत पाठवलं होतं. लाल रेघ त्यामुळंच वर चढली होती.

देवरावांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण चेहरे कळले. त्यांनी वातावरण सावरायला म्हटलं की साहेब, आमच्या गावात काम एकदम शंभर टक्के आहे, माणसाचंच नाही तर ढोराचंही. आणि त्यांनी खुंट्याला बांधलेलं एक गोऱ्हं दाखवलं. त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला तीन गाठी होत्या.

बाई हसल्या. पहिल्यांदाच, आणि चांगल्या मोठ्यानं. त्याबरोबर सगळा मांडव हसला. हसले नाहीत ते फक्त भाऊजी. ते आलेखाची गुंडाळी करत होते, अगदी सावकाश, कडा जुळवून. नीलाला त्यांच्याकडे पाहवेना. हा माणूस तिच्या पोराच्या पहिल्या सुईच्या वेळी तिच्याइतकाच घाबरला होता, हे तिला माहीत होतं.

गुंडाळी काखेत मारून भाऊजी पुढे आले. त्यांनी स्वतः एकेका आईसमोर बसून विचारायला सुरुवात केली. कार्ड नाही, गाठ नाही, फक्त सांगा. आणि बायका सांगू लागल्या. एकीला सुईची तारीख माहीत नव्हती, पण त्या दिवशी तिची नणंद भांडून गेली होती हे माहीत होतं, आणि नणंदेला तारीख माहीत होती. एकीला आठवत होतं की तिसऱ्या सुईला नर्सबाईनं हिरवं लुगडं नेसलं होतं. एकीनं कुठल्या मांडीवर, कुठल्या प्रहरी, आणि पोरानं नर्सबाईच्या अंगावर काय केलं इथपर्यंत सांगितलं. नर्सबाई मान हलवत होती, होय, होय, बरोबर. नीला ऐकत होती आणि तिला वाटत होतं की या एकतीस जणींजवळही तिच्यासारखीच वही आहे, फक्त कागदाची नाही.

तासाभरात हिशोब झाला. एकोणीस लेकरांना तीन डोस मिळाले होते, त्यांच्या गाठी बायजाबाईनं काम अंगावर घेण्याआधी नर्सबाईनंच मारल्या होत्या. बाराजणांना दोनच. भाऊजींनी बारा हा आकडा बाईंसमोर स्वतःच मोठ्यानं उच्चारला. मग खाली मान घालून म्हणाले की पुढच्या महिन्यात मी लस घेऊन परत येईन. आज पेटीत मोसंबीचा रस आहे.

"रस नाही त्यात," नीला म्हणाली.

भाऊजींनी पेटीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग झाकण उघडलं. बर्फाच्या मधोमध, कागदात नीट गुंडाळलेल्या बाटल्या होत्या, आणि शेजारी थर्मामीटर. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"सहा," ते म्हणाले.

"निघताना पाच होता," नीला म्हणाली. "काटोलला मी एकदा उघडून पाहिलं, म्हणून."

नर्सबाईच्या पिशवीत सिरिंजा होत्याच. त्या बायजाबाईच्या चुलीवर वीस मिनिटं उकळल्या, आणि बायजाबाई चुलीपाशी अशी बसली की जणू लस तिनंच रांधली. भाऊजींनी बाह्या वर सारल्या. तज्ज्ञ झाल्यापासून त्यांनी स्वतः सुई हातात धरली नव्हती. पहिल्या लेकरानं त्यांच्या टायवरच धार सोडली. त्यावर त्याची आजी समाधानानं म्हणाली की आता डाक्टर आपला झाला. बाराव्या लेकरानंतर भाऊजींनी मान वर न करता विचारलं, "गिरिधर कुठे आहे?" आणि तेरावी सुई गिरिधरला झाली. डावी मांडी. नीलानं वही काढली, तारीख घातली, आणि ती कोरी जागा भरली. मग ती गिरिधरइतकीच रडली, फक्त आवाज न करता.

गोऱ्या बाईंना प्यायला काहीच थंड नव्हतं. देवरावांनी घाईनं संत्री सोलून दिली, आणि बाईंनी सात खाल्ली.

परतताना काटोलच्या फाट्यावर ड्रायव्हर चुकला, त्याला रस्ता सांगावा लागला, तेवढंच बोलणं. घरी आल्यावर श्रीधरनं नीलाकडे पाहिलं, नीलानं वहीतून दोन गाठींचा करदोडा काढून त्याच्या हातात ठेवला, आणि त्याला सगळं कळलं. तो तिच्याशी दोन दिवस फक्त भाजीपुरतं बोलला. सुभद्राबाईंनी मात्र गिरिधरच्या करदोड्याला आल्या आल्या दोन गाठी मारल्या. एक सुईची, आणि एक त्या परक्या बाईनं त्याला मांडीवर घेतलं होतं त्याची.

भाऊजींनी नवा अहवाल लिहिला. त्यात करदोड्याची पद्धत फसली असं पहिल्याच ओळीत होतं. कशी फसली याला चार पानं होती, त्यात बायजाबाईची सासूही होती आणि गोऱ्हंही होतं. लेकराच्या आईला नीट बसून विचारलं तर ती बहुतेक खरं सांगते, पण विचारायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणी देत नाही, असं शेवटच्या पानावर होतं. पाठवण्याआधी त्यांनी तो नीलाकडून तपासून घेतला. तिनं दोन स्वल्पविराम बदलले.

मे महिन्यात पत्र आलं. जिनिव्हाची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती. पण त्या बाईंनी लिहिलं होतं की मी अकरा देशांत शंभर टक्क्यांचे आलेख पाहिले आणि भर गावात स्वतःचा आलेख गुंडाळणारा माणूस एकच पाहिला. माझ्याबरोबर सुदानात खेडोपाडी फिरायला दोन वर्षं याल का?

भाऊजींनी पत्र तीनदा वाचलं आणि पहिल्यांदाच थर्मामीटर पाहायला विसरले. सुभद्राबाईंनी विचारलं की तिथं बर्फ पडतो का? नाही म्हटल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या, पण स्वेटर पूर्ण झालेलाच होता, तो सामानात गेला. नागपूरच्या माणसाला सुदानच्या उन्हाचं काय, असं श्रीधर म्हणाला. ही गोष्ट तो नीलाकडे पाहून म्हणाला, आणि नीलाला बरं वाटलं.

स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली तेव्हा सुभद्राबाईंनी कमरेला खोचलेला काळा दोरा काढला आणि लेकाच्या मनगटाला बांधला. त्यात आधीच गाठी मारलेल्या होत्या. भाऊजींनी त्या मोजल्या. पाच.

त्यांनी हात तसाच नीलापुढे धरला. नीलानं गिरिधरला श्रीधरकडे दिलं, पिशवीतून वही काढली, आणि पेनचं टोपण उघडून सासूबाईंना विचारलं की ही पहिली कशाची?

विमानाची. दुसरी? तिथल्या पाण्याची. तिसरी त्या गोऱ्या बाईची, कारण माणूस कितीही चांगला असला तरी नजर लागायची ती लागतेच. चौथी उन्हाची. नीला लिहीत गेली. गाडीनं शिट्टी दिली.

"आणि ही पाचवी?"

सुभद्राबाईंनी लेकाचा शर्ट उगीचच सरळ केला.

"लग्नाची," त्या म्हणाल्या. "अजून व्हायचंय. पण लिहून ठेव तू."

"झाल्याशिवाय मांडू नकोस, नीला," भाऊजी डब्याच्या दारातून म्हणाले.

नीलानं सासूबाईंकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, आणि वही मिटली. आत चारच लिहिल्या होत्या.